बिनचावीच्या जीपची राखण

आमच्या जीपला चावी नव्हती. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला येडपटपणाचं वाटेल. जीप मिलिटरीच्या लिलावातली. तिथल्या गाड्यांना चावी नसते म्हणे, लढाईच्या धामधुमीत शिपायानं चावी कुठं शोधायची? एक खटका होता, तो वळवायचा आणि खाली पायानं बटण दाबायचं, की गाडी सुरू. दारंही नव्हती. म्हणजे रस्त्यानं जाणारा कोणीही टग्या आत बसला आणि खटका वळवला की गाडी त्याची. आणि आमच्या शेजारच्या गावच्या एका बागाइतदाराची अशीच जीप राहुरीच्या बाजारातून भर दुपारी गेली होती. तो भजी खाऊन आला तर जागेवर नुसता तेलाचा ओघळ.

ही गोष्ट मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची. आमची वस्ती देवळाली प्रवऱ्याच्या अलीकडं, कॅनॉलच्या कडेनं आत गेलं की उसाच्या मधोमध. आत म्हणजे किती आत, तर पावसाळ्यात पाहुणे यायचे तेव्हा वहाणा हातात घेऊन यायचे. वस्त्या सगळ्या अशाच विखुरलेल्या, पण दारात म्हशी प्रत्येकीच्या. पूर्वी दूध घालायचं तर आम्ही बायका डोक्यावर कॅन घेऊन, चिखल तुडवत, ओढा ओलांडून डांबरी रस्त्यापर्यंत जायचो. तिथं दुधाची गाडी थांबायची, कधी थांबायचीही नाही. मग ते दूध परत डोक्यावर. माझ्या धाकट्या जावेचं बाळंतपणानंतर कंबरडं धरलं ते त्या कॅननंच, असं मी आजही म्हणते.

मग यांनी, म्हणजे आमच्या घरच्यांनी, जीप आणली आणि दूध सोसायटीचा आतल्या वस्त्यांचा रूट घेतला. पहाटे वस्तीवस्तीवरून कॅन उचलायचे आणि दूध थंड करायच्या केंद्रावर पोचवायचे. सोसायटीचे रिकामे कॅन रात्रभर आमच्याच जीपमध्ये असायचे, म्हणून चेअरमननं अट घातली, "गाडीला राखण पायजे. गाडी गेली तर गेली तुमची, कॅन सोसायटीचे हायेत."

राखण कशी करायची? पहिले काही दिवस हे जीपमध्येच झोपले. मान आखडली, डासांनी फोडून काढलं. मग नगरहून एक मिस्त्री आणला, मिलिटरीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला. मोठा सज्जन माणूस, मला "ताई" म्हणायचा. त्यानं एक पत्र्याची डबी बनवली आणि पुढं भोंग्याच्या शेजारी लाकडाच्या ठोकळ्यावर बसवली. सीटखाली गोणपाटाच्या मागं एक चोरबटण लपवलं. ते बटण आधी दाबायचं, मग खटका वळवायचा, तर गाडी सुरू होणार, आणि गाडी बंद केली की बटण पुन्हा वर ओढून ठेवायचं. बटण न दाबता कोणी खटका वळवला, तर इंजिन ढिम्म आणि भोंगा चालू. आणि भोंगा तरी कसला! मिलिटरीचाच. कॅनॉलच्या पलीकडची कुत्री उठायची.

मी मिस्त्रीला चहा द्यायला गेले आणि तिथंच बसले. मला सवयच ती. शाळा मी बाहेरून बघितलेली, वाचायला शिकले ती खताच्या गोण्यांवरची अक्षरं जुळवून. त्यामुळं कोणी काही करत असलं की मला विचारल्याशिवाय राहवत नाही. मी म्हटलं, "दादा, या डबीला कसं कळतं बटण दाबलंय का नाही ते?"

त्यानं डबी उघडून दाखवली. आत तारेचा गुंडाळा आणि समोर एक लहानसा लोखंडी पत्रा. "ताई, बटण दाबलं की या गुंडाळ्यातून करंट जातो, त्याचं चुंबक होतं. चुंबकानं पत्रा ओढून धरला, की इंजिनाची वाट मोकळी. पत्रा सुटला, की इंजिनाची वाट बंद आणि भोंग्याची चालू."

"आणि करंट गुंडाळ्यातून पुढं कुठं जातो?"

"जीपच्या अंगात. लोखंडात. तिथनं परत बॅटरीला."

"म्हणजे पाणी फिरून पुन्हा विहिरीत?"

तो हसला. "हां, तसंच समजा."

आमच्या घरात तेव्हापासून त्या डबीचं नाव पडलं राखण्या. उन्हाळाभर राखण्यानं चोख काम केलं. एकदा पाहुण्यांमधल्या एका हौशी जावयानं खटका वळवून बघितला, तर बिचाऱ्याच्या हातातला पानाचा विडा उडून उसात पडला.

मग आला पोळा आणि पोळ्यानंतर राखण्याचं डोकं फिरलं.

म्हणजे लगेच नाही. चार दोन दिवस बरे गेले. मग एके सकाळी हे दूध भरून निघाले, ओढ्याच्या उतारावर जीप गचकन थांबली आणि भोंगा चालू. चोरबटण दाबलेलं, सगळं जागच्या जागी, आणि भोंगा बोंबलतोय! यांनी उतरून बॉनेटवर एक बुक्की घातली, तशी चूप झाली. परत सुरू केली, चालली. पुढं कॅनॉलच्या मोरीवर पुन्हा तेच. केंद्रावर पोचायला उशीर झाला, पण दूध टिकलं.

दुसऱ्या वेळी नाही टिकलं. उन्हं वर आली, आणि केंद्रावरच्या माणसानं झाकण उघडून नाक लावलं आणि मान हलवली. सगळ्या वस्त्यांचं दूध परत. त्या दिवशी आतल्या प्रत्येक घरात आंबट दुधाचा वास होता. एक म्हातारी आमच्या दारात येऊन म्हणाली, "बये, तुजी गाडी बोंबलती आनि नाव आमच्या म्हशीचं खराब हुतंय."

आणि ती दशक्रिया! ती तर आमच्या भागात अजून सांगतात. नदीकाठी एका मोठ्या घरच्या माणसाचा दहावा होता. पिंड ठेवलेला, आणि कावळा काही शिवेना. सगळे पाव्हणे हात जोडून उभे. थोरल्या मुलानं कबूल केलं, बहिणीला सांभाळीन. दुसऱ्यानं कबूल केलं, बांधावरनं भांडणार नाही. कुठं एक कावळा खाली उतरला, मान तिरकी करून पिंडाजवळ आला, आणि वरच्या रस्त्यानं आमची जीप! भोंगा सुटला. कावळाच काय, झाडावरचे बगळेसुद्धा गेले. यांनी भोंगा बंद करेस्तोवर ती मंडळी वर चढून आली होती. "आमचा बाप अडकला ना वर तुमच्या भोंग्यापायी!" असं म्हणत थोरला अंगावरच आला. शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ मारून नेली. हे घरी आले ते तोंड काळंठिक्कर पडलेलं.

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं येऊन चोरबटण बदललं, डबीतली स्प्रिंग बदलली. एकेक तार ओढून बघितली. बंपरच्या बोल्टला बांधलेली तारही ओढली, घट्ट होती. वस्तीच्या अंगणात जीप उभी असली की शहाण्यासारखी वागायची. मग नगरला घेऊन गेला, डांबरी रस्त्यावर चालवली, एकदाही कुरकुर नाही. परत आणली आणि ओढ्यात शिरली की पुन्हा कावळे उडवायला सुरुवात. बिचारा कानकोंडा झाला. म्हणाला, "ताई, माझ्या हाताशी असली की बोलतच न्हाई ती. माझं ऐका, काढून टाकू डबी. सरळ जोडून देतो."

हेही त्याच मताचे. पण काढून कसं चालेल? राखणीशिवाय चेअरमन रूट ठेवणार नाही, आणि राखण्यामुळं दूध नासतंय म्हणूनही ठेवणार नाही. तसं तो सांगूनच गेला होता. दारात मोटरसायकल बंदसुद्धा न करता म्हणाला, "वहिनी, घट बसायच्या आत ठरवायचंय मला. दुसरा टेम्पोवाला तयार हाय."

मी विचारलं, "तो टेम्पो आमच्या वस्त्यांवर येणार का आत?"

"टेम्पो कसा येईल आत? वढ्यातनं? त्यो डांबरीवर थांबंल."

म्हणजे आम्ही बायका पुन्हा डोक्यावर कॅन घेऊन चिखलात. पण माझ्या मनानं त्याच क्षणी घेतलं, की हा राखण्या दुरुस्त होणार. निघणार नाही, दुरुस्तच होणार.

मी यांना म्हटलं, "अहो, जीप आज दुपारी मला द्या."

"तुला? काय करणार तू, कुंकू लावणार?"

"पाट फुटला तर तुम्ही काय करता?"

"म्हंजे?"

"विहिरीवर मोटार चालू आहे, पाणी सुटलंय, आणि शेवटच्या वाफ्यात पोचत नाही. मग काय करता? विहीर बुजवता?"

यांनी जीप अंगणात आणून लावली. दारं धरायचं काम, म्हणजे उसाला पाणी देताना एका सरीचं तोंड बुजवून दुसरीचं उघडायचं, हे मी लग्नाच्या आधीपासून केलेलं. त्यात एक गोष्ट कळते. पाणी कुठं हरवतं ते विहिरीच्या धक्क्यावर बसून कळत नाही. विहिरीपासून निघायचं, पाटाच्या बाजूनं चालायचं, प्रत्येक वळणावर हात घालून बघायचं, पाणी आहे? आहे. पुढं. आहे? आहे. पुढं. जिथं नसेल तिथं उंदराचं बीळ. घाई केली, मधलं एक वळण सोडलं, तर बीळ नेमकं तिथंच असतं.

मिस्त्रीनं त्याचा तपासायचा दिवा आमच्याकडं ठेवला होता. दिवा म्हणजे काय, जीपचाच एक लहान बल्ब आणि त्याला दोन तारा. एक तार लोखंडाला लावायची, दुसरी जिथं करंट आहे का बघायचंय तिथं. करंट असला की बल्ब पेटतो.

मी पदर खोचला आणि बॅटरीपासून सुरुवात केली. एक तार इंजिनाच्या उघड्या लोखंडाला बांधली आणि दुसरी घेऊन चालले. बॅटरीवर बल्ब लख्ख. चोरबटणाच्या अलीकडं, लख्ख. पलीकडं, लख्ख. डबीच्या तोंडाशी लख्ख. हे सीटवर बसून बटण दाबत होते आणि प्रत्येक वेळी विचारत होते, "झालं का?" आमच्या सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "सून इंजनेर झाली गं बाई. आता भाकरी कोनी थापायच्या, डायव्हरनं?"

"थापू द्या की," मी म्हटलं, "पिठाचा डबा बोंबलत तर नाही ना."

पण आतून माझं मन खट्टू झालं होतं. सगळीकडं पाणी होतं. बीळ कुठंच नव्हतं. मी पुन्हा बॅटरीपासून गेले. पुन्हा सगळीकडं लख्ख. तिसऱ्यांदा गेले. हे बटण दाबलेलंच ठेवून उतरले आणि विडी ओढायला गेले, मी तशीच मातीत बसून राहिले आणि बल्बाकडं बघत राहिले.

आणि मग मला वाटलं, अगं, गाडी उभी आहे. उभी असताना ती कधी बोंबलली? बोंबलते ती ओढ्यात, मोरीवर, खड्ड्यात. हलली की बोंबलते. बीळ पाण्याच्या धक्क्यानं उघडत असेल, तर शांत पाण्यात ते दिसणार कसं? गाडी हलवायला पाहिजे, आणि मी बघत असताना हलायला पाहिजे.

दुपार कलली होती. आसपासच्या वस्त्यांवरच्या बायका घासलेले रिकामे कॅन जीपमध्ये ठेवायला अंगणात यायला लागल्या होत्या. मी म्हटलं, "बायांनो, कॅन खाली ठेवा आणि जीप हलवा."

"कुटं न्यायची?"

"कुठं नाही. जागेवर. झोका देतात तशी."

पहिल्यांदा लाजल्या. मग धाकट्या जावेनं मागचं फळकं धरून झोका दिला, आणि एकदा हसू फुटल्यावर कोण थांबतंय! दोघी मागून, दोघी बाजूनं, एक जाडशी बाई होती ती चाकावर पाय देऊन वर. जीप हलायला लागली. बल्ब मी डबीच्या तोंडाशी धरलेला, तो लख्खच. खटका बंद म्हणून भोंगा गप्प, पण तेवढ्यात डबीतून आवाज आला. टक्. मग पुन्हा टक् टक्. पत्रा सुटत होता!

"थांबू नका!" मी ओरडले.

"अगं पन नाचायचं किती?" जाडशी बाई म्हणाली, "मला दम लागला. मंगळागौर पन एवढी न्हाई खेळले मी."

पाणी डबीपर्यंत पोचतंय, तरी डबी तहानलेली. हे कसं? मी डोळे मिटून मिस्त्रीचं बोलणं आठवलं. गुंडाळ्यातून करंट पुढं जातो, जीपच्या अंगात, तिथनं परत बॅटरीला. परत! मी अजूनपर्यंत येणाऱ्याच वाटेनं चालत होते. जाणारी वाट बघितलीच नव्हती. ज्या वाफ्याचं पुढचं तोंड बुजलं, त्यात पाणी आलं तरी नुसतं तुंबतं, वाहत नाही. डबी लाकडाच्या ठोकळ्यावर, म्हणजे तिचं अंग जीपच्या अंगाला लागतच नव्हतं. परतीची एकच तार होती, ती पुढं बंपरच्या उजव्या टोकाला बोल्टाच्या नटाखाली बांधलेली.

मी बल्बाची बांधलेली तार इंजिनावरून सोडली आणि बॅटरीच्या करंटाला जोडली. दुसरी तार त्या परतीच्या तारेच्या टोकाला टेकवली. बल्ब पेटला, पण पिवळट, आजारी. मी जाडशा बाईला म्हटलं, "अक्का, आता बंपरच्या डाव्या टोकावर उभ्या राहा." उभ्या राहिल्या. बल्ब तसाच. "आता उजव्या." त्यांनी पाय दिला आणि बल्ब विझला. उतरल्या, पेटला. चढल्या, विझला.

सगळ्या वाकून बल्बाकडं बघायला लागल्या. मग धाकटी जाऊ म्हणाली, "अक्कांच्या वजनाला घाबरला."

मी मात्र त्या टोकाकडं बघत होते. लालभडक होतं ते टोक. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो लाल हिंगूळ होता. आणि तो रंग कोणाच्या हातचा होता ते मला माहीत होतं.

आमच्या मामंजींना दोन बैल होते आणि जीप तिसरी. असंच म्हणायचे ते, "दोन हायेत आनि ही तिसरी." पोळ्याच्या दिवशी त्यांनी बैलांना कॅनॉलवर धुतलं तसं जीपलाही धुतलं. बैलांच्या शिंगांच्या शेंब्या, म्हणजे टोकांवरच्या पितळी टोप्या, काढल्या, शिंगं घासली, हिंगूळ लावला, शेंब्या परत बसवल्या. मग म्हणाले, हिची शिंगं राहिली. जीपची शिंगं कुठली, तर बंपरची दोन टोकं. आणि त्या टोकांवर गोल टोपीचे नट होते, त्या तिच्या शेंब्या. मामंजींनी पाना मागून घेतला, शेंब्या काढल्या, शिंगं घासली, हिंगूळ लावला, शेंब्या परत आवळल्या. संध्याकाळी वेशीपाशी जीप बैलांच्या रांगेत तोरणाखाली उभी केली, गळ्यात झेंडूची माळ घालून. सगळं गाव हसलं, मामंजींनी कुणाकडं बघितलं नाही. पुरणपोळीचा घास त्यांनी तिच्या बॉनेटवर ठेवला होता, तो कोंबडीनं खाल्ला.

आता ती शेंबी काढायची होती.

मामंजी गोठ्यात होते. मी गेले. म्हटलं, "मामंजी, जीपची उजवी शेंबी काढून खालचा रंग खरवडावा लागेल."

त्यांनी वैरण टाकता टाकता मान वर केली. "का?"

"राखण्याची तार त्या शेंबीखाली आहे. रंगामुळं तिला लोखंड लागत नाही. म्हणून बोंबलतोय."

"रंगानं?" त्यांना ते खरंच पटेना. "रंग लावला म्हून कुनी बोंबलतं व्हय? मी जलमभर शिंगं रंगवतोय."

"बैलाच्या शिंगातनं करंट जात नाही ना, मामंजी."

"पोळ्याचा रंग हाय त्यो. आपसूक गेला तर जाऊ द्यावा. हातानं काढत न्हाईत. घराला लागतं."

खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं की त्यांना न सांगताच काढून टाकायला हवा होता, ओढ्यावर नेऊन. पण माझ्या सासऱ्यांच्या पाठीमागं त्यांच्या बैलाला हात लावायचा, हे मला जमलं नसतं. आणि घट बसायला दोनच पहाटा उरल्या होत्या. मी म्हटलं, "मामंजी, पोळ्याला बैलाच्या पायात काटा रुतला, तर झूल काढून बघाल का नाही?"

"बघंन की."

"ती लंगडतीय मामंजी. आणि ती बसली तर या सगळ्या बाया उद्यापासून डोक्यावर कॅन घेऊन ओढ्यातनं जाणार. तुमच्या धाकट्या सुनेचं कंबरडं तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी हातातली वैरण बैलापुढं टाकली, हात धोतराला पुसले. अंगणात आले, बायकांनी वाट करून दिली. जीपपुढं उकिडवे बसले. मी पाना पुढं केला आणि खुरपं घेऊन खरवडायला वाकले, तर त्यांनी माझ्या हातातून खुरपं काढून घेतलं.

"सर. तू न्हाई. माझं जनावर हाय ते."

शेंबी निघाली. खाली तारेच्या टोकाची कडी, ती दोन्ही बाजूंनी लालभडक. खालचं लोखंड लाल. बोल्टाचे आटेही लाल. फक्त आट्यांच्या कडेला कुठंतरी रंग निघून लोखंड उघडं पडलं होतं, तेवढ्याच चिमूटभर वाटेनं राखण्या इतके दिवस पाणी पीत होता.

"लई जीव लावून लावला हुता गं," मामंजी हळूच म्हणाले.

"जीव लावला म्हणून तर दोन हात दिलेत, मामंजी. एका हातावर भागलं असतं तर कदाचित चाललीही असती."

त्यावर ते हसले, आणि मग सगळ्याच हसल्या. त्यांनी कडी घासली, लोखंड घासलं, चकाकेपर्यंत. शेवटी वीट घेऊन घासत बसले तेव्हा यांनीच म्हटलं, "आबा, बास, आता बंपरच जाईल." शेंबी आवळली. मी बल्ब टेकवला. लख्ख. अक्का उजव्या टोकावर चढल्या, दोनदा उड्या मारल्या. लख्ख. मग न सांगताच तिसरी मारली, म्हणाल्या, "आता मलाच मज्जा वाटाया लागली."

हे सायकलवर जाऊन चेअरमनला सांगून आले, उद्या स्वतः जीपमधून या. तो पहाटे आला, मफलर गुंडाळून, पुढच्या सीटवर ऐटीत बसला. मी मागं कॅनच्या मध्ये बसले. मी नको यायला, असं हे म्हणाले. मी म्हटलं, आज मी येणारच. एकेका वस्तीवर कॅन चढत गेले. सगळ्यांना माहीत होतं आज काय आहे. ओढ्याच्या उतारावर मी कॅनची कडी घट्ट धरली. जीप खाली गेली, पाण्यात शिरली, दगडावर चढली, एका अंगावर कलली, कॅन एकमेकांवर आपटले. इंजिन चालूच. वर आलो. मोरी. मोठा खड्डा. चेअरमनचं डोकं छताच्या नळीला आपटलं. तो म्हणाला, "आयला!" आणि एवढाच काय तो आवाज झाला.

केंद्रावर पोचलो तेव्हा ऊन नुसतं कोवळं होतं. पहिलं झाकण उघडलं, तिथल्या माणसानं नाक लावलं, मान हलवली ती होकाराची. दुसरं, तिसरं. हे आणि तो माणूस कॅन उतरवून आत नेत होते, मी मोजत उभी होते. मागून एका ट्रकवाल्यानं आरडाओरडा सुरू केला, जीप पुढं घ्या म्हणून. चेअरमनला धीर निघेना. यांची वाट न बघता तो स्वतः डायव्हरच्या जागेवर सरकला आणि त्यानं खटका वळवला.

काय भोंगा वाजला म्हणता! केंद्रातली माणसं बाहेर आली, ट्रकवाला गप्प झाला, चेअरमन दोन्ही हात वर करून बसला, जसं काही पोलिसांनीच पकडलंय. त्याला बंद कसं करायचं तेही कळेना. मी सीटखाली हात घालून बटण दाबलं, भोंगा चूप झाला.

चेअरमननं मफलर सारखा केला. माझ्याकडं बघितलं, मग जीपकडं. "वहिनी," तो म्हणाला, "कुटं हाय ते बटन?"

"ते नाही सांगायचं, भाऊ," मी म्हटलं. "कॅन सोसायटीचे आहेत, पण राखण आमची आहे."

तो उतरला. हे धावत आले होते, घाबरून. त्यांना म्हणाला, "घटापासून रूट तुमचाच. पन आतल्या वस्त्या एकबी सोडायची न्हाई."

परतताना रिकामे कॅन इतके वाजत होते की आम्हाला बोलता येत नव्हतं. ओढ्याच्या अलीकडं बायका बांधावर उभ्या होत्या, आमची वाट बघत. अक्का सगळ्यांत पुढं. यांनी जीप थांबवली. मी उभी राहून ओरडले, "रूट राहिला!"

अक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मंग उंद्या आमच्याकडं आधी या. आमची म्हैस लवकर पान्हावती."